घाम, गोळा आणि पहिला आठवडा

गरमीचा धोका हवामान खात्याच्या एका आकड्यावरून कळत नाही, हे आधी खाणींनी शिकवले. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जे. एस. हाल्डेन यांनी १९०५ मध्ये दाखवून दिले की खरी मर्यादा ओल्या फुग्याच्या तापमानाची असते, म्हणजे फुग्यावर ओली वात गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेल्या तापमानाची. कोंदट जागेत ते ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेले की कपडे उतरवून स्वस्थ बसलेल्या माणसाचेही अंग तापू लागते. घाम येतो पण वाळत नाही, आणि नुसता निथळणारा घाम शरीर थंड करत नाही. ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेला ओला फुगा सुमारे २९ दाखवतो. ४४ अंश आणि १५ टक्क्यांना सुमारे २३. मुंबईतल्या कोंदट शेडमधल्या ३४ अंशांना म्हणूनच कमी लेखू नये.

पण उन्हात ओला फुगाही पुरत नाही. अमेरिकी मरीन सैनिकांच्या पॅरिस आयलंड प्रशिक्षण तळावर कवायतीत रंगरूट कोसळत होते. त्यावर संशोधक याग्लू आणि मिनार्ड यांनी १९५०च्या दशकात जो निर्देशांक बसवला, तो आजचा डब्ल्यूबीजीटी, म्हणजे ओला फुगा आणि काळा गोळा यांवरून काढलेले तापमान. काळा गोळा म्हणजे आत तापमापक असलेला, उन्हाची धग मोजणारा पोकळ गोळा. उन्हातल्या कामासाठी ओल्या फुग्याचे ७०, काळ्या गोळ्याचे २० आणि साध्या हवेचे १० टक्के धरायचे. ओला फुगा २७, गोळा ५० आणि हवा ४० असेल, तर उत्तर ३२.९ येते. कतारने २०२१ मध्ये उघड्यावरचे काम थांबवण्यासाठी ठेवलेली ३२.१ ची मर्यादा इथे ओलांडलेली आहे. गोळा १५० मिलिमीटर व्यासाचा, मंद काळ्या रंगाचा असतो. उन्हात ठेवल्यावर तो स्थिरावायला २० मिनिटे तरी द्यावीत. फुग्याची वात उघड्या हवेत, शुद्ध पाण्याने भिजलेली हवी. वात सुकली किंवा मळली की आकडा खोटाच वर चढतो.

याहून मोलाचा धडा दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींतून आला. तिथे १९२०च्या दशकात खोल, दमट बोगद्यांत मजूर उष्माघाताने मरू लागले. पुढे नव्या माणसाला गरमीची सवय टप्प्याटप्प्याने लावण्याची पद्धत तिथे रुजली. त्यात मजुरांच्या जिवाइतकीच उत्पादनाची काळजी होती, हेही सांगायला हवे. शरीर मात्र खरोखर बदलते. एक-दोन आठवड्यांत घाम लवकर आणि जास्त सुटतो, त्यातले मीठ कमी होते, नाडी मंदावते. काम सुटले की ही सवयही हळूहळू उतरते.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या सुरक्षा आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेची शिफारस याच अनुभवावर उभी आहे. नव्या मजुराला पहिल्या दिवशी उन्हातले काम २० टक्केच द्यायचे आणि रोज आणखी २० टक्के वाढवायचे. सुटीवरून परतलेल्या जुन्याला ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के. दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी, पण तासाला दीड लिटरच्या आतच. अति पाण्याने रक्तातले मीठ उतरते.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने कामाच्या जागी सुसह्य तापमान आणि अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात थंड पाणी बंधनकारक केले, पण ते कारखान्यापुरते. २०१० च्या भीषण लाटेनंतर अहमदाबादने २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा केला. बांधकामावर मात्र गावाकडून मे महिन्यात आलेला माणूस दुसऱ्याच दिवशी पूर्ण पाळी भरतो. मुकादमाला २० टक्क्यांचा नियम सांगून उपयोग नाही, कारण मजुरी कामाच्या मापावर मिळते. कमी काम म्हणजे कमी पैसे. पहिल्या आठवड्याची मजुरी पूर्ण हजेरीने दिली, तरच मजूर सावलीत बसेल.