एक सेल उलटा पडला की मायनसचं काय होतं?

परवा रात्री लाईट गेली म्हणून कपाटातून वडिलांच्या वेळची ती स्टीलची तीन सेलची बॅटरी काढली (आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात, विजेरी हा शब्द फक्त पुस्तकात), पुतण्यानं अंधारातच सेल भरले आणि बटण दाबलं तर बल्बची तार नुसती लालसर, उजेड म्हणाल तर काडेपेटीच्या काडीइतकासुद्धा नाही. त्यानं लगेच निकाल देऊन टाकला, काका सेल गेलेत. सेल दुपारीच आणलेले होते. मधला उलटा पडला होता, बाकी काही नाही.

आता हा पुतण्या डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सर्किटच्या गणितात उत्तर मायनस आलं की तो घाबरून पहिल्यापासून सगळं खोडतो, म्हणून म्हटलं चल, लाईट येईपर्यंत हेच गणित सोडवू.

आधी एक गोष्ट. व्होल्टेज हे कधी एका जागेचं नसतं, दोन जागांमधलं असतं. आमचं घर किती उंच आहे असं विचारलं तर कुठून मोजायचं ते आधी सांगावं लागतं ना, तसंच. मल्टिमीटरची (व्होल्टेज मोजायच्या मीटरची) लाल वायर सेलच्या वरच्या उंचवट्याला, म्हणजे प्लसला, आणि काळी बुडाला लावली तर दीड व्होल्ट दिसतात, वायरी उलट्या लावल्या तर मायनस दीड. सेल तोच आणि मीटरही बरोबरच आहे, फक्त तुम्ही प्रश्न उलटा विचारलात. मी तिन्ही सेल ओळीत ठेवून लाल वायर दर वेळी बल्बच्या बाजूला धरत मोजले, दीड, मायनस दीड, दीड. बेरीज साडेचार यायच्या जागी दीड! आणि बल्बचा रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) तोच धरला तर व्होल्टेज एक तृतीयांश झालं की करंटही एक तृतीयांश, म्हणून पॉवर, म्हणजे दोघांचा गुणाकार, एक नवमांश होते, वर तार कमी तापल्यामुळे उजेड त्याहून कमी पडतो.

आता कागदावर. बल्बचा रेझिस्टन्स १० ओहम धरू (खरं तर तार तापेल तसा तिचा रेझिस्टन्स बदलतो, पण ते आज सोडा). करंटची दिशा मी मुद्दाम उलटी धरली, म्हणजे बाण सरळ बसलेल्या सेलच्या प्लसमधून आत शिरतोय असा काढला. पुतण्या म्हणाला हे चुकीचं आहे, म्हटलं असू दे. मग बाणाच्या दिशेनं पूर्ण फेरी मारायची आणि प्रत्येक वस्तूपाशी जे चिन्ह आधी भेटेल तेच लिहायचं, एवढा एकच नियम. दोन सरळ सेलचे अधिक दीड, अधिक दीड, उलट्या सेलचे वजा दीड, आणि बल्बला करंट जिथून शिरतो ते टोक प्लस धरायचं म्हणून अधिक १० गुणिले आय (आय म्हणजे करंट). सगळ्यांची बेरीज शून्य. आय आला वजा ०.१५ अँपिअर.

हे उत्तर चुकलेलं नाही. ०.१५ अँपिअर खरेच आहेत, फक्त करंट बाणाच्या उलट वाहतोय एवढंच तो मायनस सांगतोय. दिशा सुरुवातीला कशीही धरा, पण एकदा धरली की मध्येच बदलायची नाही, मुलं नेमकी तिथंच मार्क घालवतात, अर्ध्या गणितात त्यांना खरी दिशा सुचते आणि मग अर्धी चिन्हं एका दिशेची नि अर्धी दुसऱ्या. ही बेरीज शून्य करायची युक्ती जर्मन शास्त्रज्ञ गुस्टाफ किर्चहॉफची, १८४५ मध्ये मांडली तेव्हा तो प्रशियातल्या क्योनिग्सबर्गला शिकत होता, वय २१.

पुतण्याचा पुढचा प्रश्न ठरलेला, पण इलेक्ट्रॉन तर मायनसकडून प्लसकडे जातात ना? जातात. बेंजामिन फ्रँकलिननं १७४७ च्या सुमारास प्लस-मायनस ही नावं वापरायला सुरुवात केली, रेशमावर घासलेल्या काचेवरचा चार्ज तो प्लस असं ठरलं, आणि इलेक्ट्रॉन सापडला थेट १८९७ मध्ये, जे. जे. थॉमसनला, तो निघाला मायनस. तोवर दीडशे वर्षांची पुस्तकं छापून झालेली. पण त्यानं गणिताचं काही बिघडत नाही, उलट जाणारा मायनस आणि सुलट जाणारा प्लस हिशोबात एकच, आणि गाडीच्या बॅटरीतल्या अ‍ॅसिडमध्ये तर प्लस आणि मायनस असे दोन्ही प्रकारचे आयन (चार्ज असलेले कण) एकमेकांच्या उलट दिशेला पळत असतात, तिथं कुणाची दिशा खरी म्हणणार?

मला स्वतःला यातला सगळ्यात आवडता भाग पॉवरचा. करंटचा बाण ज्या टोकातून आत शिरतो ते टोक प्लस धरून व्होल्टेज आणि करंटचा गुणाकार करायचा, अधिक आला तर ती वस्तू वीज घेतेय, वजा आला तर देतेय. याला पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन म्हणतात, नाव जड आहे पण प्रकार आपल्या जमाखर्चाच्या वहीसारखाच. सरळ सेल प्रत्येकी वजा ०.२२५ वॅट, बल्ब अधिक ०.२२५. आणि उलटा सेल? त्याचं व्होल्टेज वजा दीड, करंट वजा ०.१५, गुणाकार अधिक ०.२२५. म्हणजे तो वीज देत नव्हताच, दोघं कमावत होते आणि हा बल्बच्या बरोबरीनं बसून खात होता! चौघांची बेरीज शून्य, हिशोब पैशाला पैसा जुळला.

वीज घेतोय म्हणजे तो चार्ज होत होता, आणि साध्या अल्कलाइन सेलला चार्जिंग सोसत नाही, आत गॅस तयार होऊन प्रेशर वाढतं आणि सेल लीक होतो, मग स्प्रिंगवर तो पांढरा खरखरीत थर धरतो. म्हणून जास्त वेळ न घालवता सेल काढून सरळ घातला. उजेड पडला, आणि पुतण्या कागदावरचा मायनस खोडायला गेला होता, त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.