पार्किंगखालचं चर्च आणि १८१७ चा एक सेंट

जुनी इमारत नक्की कधी बांधली हे शोधायचं असेल तर कागदपत्रांच्या आधी कोणाच्या तरी खिशातून पडलेली चिल्लर शोधावी. गंमत नाही करत. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात विल्यम्सबर्ग म्हणून छोटं गाव आहे, तिथे एका पायालगतच्या विटांच्या फरसबंदीखाली १८१७ सालचं एक सेंटचं नाणं मिळालं, शेजारच्या मातीत एक साधी टाचणी पण होती. आता नाणं फरशीच्या खाली आहे म्हणजे ते आधी पडलं आणि विटा नंतर बसल्या, आणि नाणंच १८१७ चं आहे म्हटल्यावर फरशी त्याच्या आधीची असूच शकत नाही. किती नंतरची ते मात्र नाणं एकटं सांगत नाही, तिथे टॅक्सची जुनी नोंद कामाला आली: १८१८ साली याच जागी ‘बॅप्टिस्ट मीटिंग हाउस’, म्हणजे बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर, उभं होतं. दोन्ही जुळलं. पुरातत्त्ववाल्यांना एवढी सरळ जुळणी रोज मिळत नाही.

हे होतं फर्स्ट बॅप्टिस्ट चर्च, अमेरिकेतल्या सगळ्यात जुन्या कृष्णवर्णीय मंडळींपैकी एक (मंडळी म्हणजे एकत्र प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती लोकांचा समूह). मंडळी सुरू झाली १७७६ मध्ये, पण तेव्हा इमारत वगैरे काही नव्हती, गुलाम आणि स्वतंत्र माणसं गावाबाहेर झाडाच्या फांद्यांचा मांडव घालून लपूनछपून प्रार्थना करायची. त्यांचा उपदेशक गोवन पॅम्फ्लेट स्वतः गुलाम, गावातल्या किंग्ज आर्म्स टॅव्हर्न या खानावळीच्या मालकिणीकडे राबणारा, आणि १७९३ मध्ये तो स्वतंत्र झाला. तोपर्यंत मंडळीत सुमारे ५०० माणसं होती. पुढे जेसी कोल नावाच्या गोऱ्या जमीनमालकाने नासाउ स्ट्रीटवरची जागा वापरायला दिली.

त्या पहिल्या इमारतीचा पाया १६ बाय २० फूट. म्हणजे ३२० स्क्वेअर फूट, आपला वन बीएचके पण याहून मोठा असतो! एवढ्यात किती जण मावत असतील देव जाणे, मला तर वाटतं रविवारी अर्धी माणसं दाराबाहेरच उभी राहत असणार.

१८३४ मध्ये टोर्नेडो आला आणि ती इमारत गेली. १८५६ मध्ये त्याच जागी विटांचं चर्च झालं, ते जवळपास शंभर वर्षं टिकलं. मग १९५० च्या दशकात, १८व्या शतकातलं गाव पुन्हा जसंच्या तसं उभं करणाऱ्या कलोनियल विल्यम्सबर्ग या म्युझियमने जागा विकत घेतली, चर्च पाडलं, मंडळीने स्कॉटलंड स्ट्रीटवर नवं बांधलं आणि जुन्या जागेवर नंतर डांबर टाकून पार्किंग झालं. १८व्या शतकात या गावातली निम्म्याहून जास्त माणसं कृष्णवर्णीय होती बरं का, आणि जुनं गाव दाखवायच्या नादात त्यांचंच चर्च जमीनदोस्त. १९५७ मध्ये थोडं खणून पाहिलं होतं, पण लगेच झाकून टाकलं. २०२० मध्ये त्या जुन्या मंडळीच्या वंशजांना सोबत घेऊन त्याच म्युझियमने नीट उत्खनन सुरू केलं. एक मात्र खरं, डांबराखाली कोणी बेसमेंट खणलं नाही म्हणून १८५६ च्या पायाखाली १८१८ चा पाया शिल्लक राहिला.

मातीचं सगळ्यात भारी काम पुढे आहे. उत्खननात ६० हून जास्त कबरी सापडल्या, त्याही बहुतेक न उघडता. कसं? खड्डा खणला की वरची काळसर माती आणि खालची पिवळट माती एकत्र होते, परत भरताना ती थरांप्रमाणे कोणी लावत बसत नाही, त्यामुळे दोनशे वर्षांनीही वरून नीट खरवडलं की आजूबाजूच्या जमिनीत लांबट आयताचा वेगळा रंग दिसतो. भिंतीवर बुजवलेलं भोक रंग दिला तरी कळतं ना, तसंच.

वंशजांना जाणून घ्यायचं होतं की ही आपलीच माणसं का, म्हणून त्यांच्या संमतीने फक्त तीन कबरी उघडल्या. हाडांची अवस्था वाईट होती, डीएनए जेमतेम मिळाला, तरी २०२३ मध्ये निकाल आला: तिघेही पुरुष, आफ्रिकी वंशाचे. एक तर १६ ते १८ वर्षांचा पोरगा, त्याच्या दातावर लहानपणीच्या आजाराच्या किंवा उपासमारीच्या खुणा. दाताचं इनॅमल बालपणी थराथराने बनतं आणि शरीराला खायला कमी पडलं किंवा मोठं दुखणं आलं की काम अडखळतं, तिथे खाच पडते, आणि हाड जसं आयुष्यभर स्वतःला बदलत राहतं तसं इनॅमलला जमत नाही म्हणून ती खाच तशीच राहते.

नाव मात्र डीएनएवरून कोणाचंच कळलं नाही. एका कबरीवर तेवढी खूण होती, कोणीतरी वाइनची रिकामी बाटली उलटी करून मातीत रोवली होती.