घरगुती सीएनसीची मोटर स्टेप का खाते : ड्रायव्हरच्या पिढ्यांची पार्श्वभूमी

घरी किंवा छोट्या वर्कशॉपमध्ये बांधलेल्या राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर कोरीवकाम करणाऱ्या सीएनसी मशीनवर, तेच ते दोष पुन्हा पुन्हा दिसतात. ड्रायव्हर म्हणजे विजेच्या प्रत्येक पल्सगणिक मोटरला एकेक छोटे पाऊल, म्हणजे स्टेप, फिरवणारा बोर्ड. पाऊल चुकले की मोटरने स्टेप खाल्ली म्हणायचे. अक्ष हळूहळू सरकत जातो, मोटर जागेवरच गुणगुणत राहते, स्पिंडल (हत्यार फिरवणारा भाग) सुरू होताच अक्षाचे टोक सांगणारा लिमिट स्विच लागल्याचा खोटा अलार्म येतो. मशीन बांधणारा जोडणीत चूक शोधत बसतो. बऱ्याचदा जोडणी बरोबरच असते, फक्त ती ज्या पिढीच्या बोर्डासाठी बरोबर होती तो बोर्ड आता समोर नसतो.

छिद्रित टेपवरच्या आकड्यांच्या आज्ञांवर चालणारे पहिले मिलिंग मशीन अमेरिकेत १९५२ साली दाखवले गेले. घरगुती मशीनशी त्याचा संबंध फार लांबचा. घरची गोष्ट खऱ्या अर्थाने सुरू होते ती २५ पिनांच्या पॅरलल पोर्टपासून. १२ आउटपुट, ५ इनपुट, ५ व्होल्ट, आणि पल्स थेट संगणकच तयार करणार. विंडोजवर मॅक-३ आणि लिनक्सवर अमेरिकी सरकारी संस्थेत जन्मलेला ईएमसी, हे दोन प्रोग्राम त्या काळचे आधार. ईएमसीचे नाव पुढे व्यापारचिन्हाच्या वादामुळे लिनक्ससीएनसी झाले. मॅक-३ चा पॅरलल पोर्टचा ड्रायव्हर (हा बोर्ड नव्हे, सॉफ्टवेअर) ६४ बिट विंडोजवर चालत नाही, म्हणून कितीतरी वर्कशॉपमध्ये जुना संगणक केवळ त्या एका पोर्टसाठी जपून ठेवलेला असे.

या काळाने एक फार महत्त्वाचा दोष ओळखून दिला. प्रत्येक वेळी दिशा बदलली की अक्ष एका मायक्रोस्टेपने (स्टेपच्या लहानशा भागाने) सरकतो, आणि सरकतो तो नेहमी एकाच बाजूला. छोट्या कामात कळतही नाही. शेकडो उलटसुलट फेऱ्यांच्या कोरीवकामात मात्र शेवटचा कट मिलीमीटरभर बाजूला पडलेला दिसतो. ड्रायव्हर पल्सची चढती कड मोजत असतो आणि सॉफ्टवेअर उतरती कड खरी धरत असते, त्यामुळे दिशा बदलतानाचा एक पल्स चुकीच्या बाजूला मोजला जातो. सॉफ्टवेअरमधला स्टेप पिनचा ‘लो ॲक्टिव्ह’ पर्याय उलटा केला की हा दोष जागच्या जागी संपतो. सरकणे एकाच दिशेने असेल तर आधी हे पाहावे. दोन्ही बाजूंना, कसेही सरकत असेल तर कपलिंगचा ग्रब स्क्रू, करंट आणि ॲक्सलरेशन तपासावे.

ड्रायव्हर म्हणजे त्या वेळी एल२९७ आणि एल२९८ या चिपांची जोडी. नंतर टीबी६५६० चिपचे तीन अक्षांचे स्वस्त निळे बोर्ड आले आणि दोषांचा पूर लोटला. या चिपला लॉजिकचा ५ व्होल्ट पुरवठा आधी आणि मोटरचा नंतर लागतो. क्रम चुकला की चिप जाते. बोर्डावर १२ ते ३६ व्होल्ट असे लिहून विकले जाई, पण चिपची शिफारस केलेली मर्यादा ३४ व्होल्ट आहे. वर सिग्नल प्रकाशाने पलीकडे पोचवणारे ऑप्टोकपलर पीसी८१७ सारखे मंद. कमी वेगाला सगळे सुरळीत, वेग वाढवला की पल्स गोल होऊन गळतात. तेव्हा लोक दोष मोटरला देत आणि मोठी मोटर आणत. मोठ्या मोटरने काहीच सुटत नसे.

यानंतर आला तो ड्रायव्हरचा डबा, ज्याच्यामुळे आजही सर्वाधिक गोंधळ आहे. काळा, हीटसिंकचे पंख असलेला, हिरवे टर्मिनल, आणि वर छापलेले ‘टीबी६६००’. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन याच नावाने तो मागितला जातो. मूळ टीबी६६०० ही साडेचार अँपिअरपर्यंत चालणारी चिप आहे आणि तिची मायक्रोस्टेपिंग १/१६ वर थांबते. डब्यावरचा तक्ता मात्र ३२ पर्यंत जातो. हा साधा पुरावा आहे. यातल्या बहुतेक डब्यांत वेगळी चिप असते, टीबी६७एस१०९ए. तीत १/३२ आहे, पण करंटची कमाल मर्यादाच ४ अँपिअर, आणि डब्यावरचा ४.० हा आकडा शिखराचा. सतत त्यावर चालवायचा तो आकडा नव्हे.

ही चिप वाईट आहे असे मुळीच नाही. ३ अँपिअरच्या आतल्या नेमा २३ मापाच्या मोटरला ती चांगली चालते, आणि जुन्या टीबी६५६० पेक्षा कितीतरी शांत. नाव टिकवायचा निर्णय विक्रीच्या दृष्टीने समजण्यासारखा आहे, असे काही जण म्हणतात. दुसऱ्या बाजूचे म्हणणे जास्त पटते. नाव एका चिपचे आणि आत दुसरी असेल, तर नवखा माणूस चुकीची डेटाशीट (चिपचे माहितीपत्रक) उघडतो, ४.२ अँपिअरची मोटर घेतो, डबा तापून संरक्षणात जातो आणि अर्ध्या कामात अक्ष थांबतो. शंका आली तर झाकणाचे स्क्रू काढून चिपवरचे अक्षर वाचावे. पाच मिनिटांचे काम आहे.

छोट्या ड्रायव्हरांचा गोंधळ वेगळाच. ए४९८८ चिपच्या बोर्डाचा करंट ठरवताना संदर्भ व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले ८ गुणिले सेन्स रोधक (करंट मोजणारा रोधक). रोधक ०.१ ओहमचा असेल तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट, ०.०५ चा असेल तर ०.४. एकाच नावाच्या बोर्डांवर दोन्ही सापडतात. डीआरव्ही८८२५ वर करंट ठरवणारा पोटेन्शिओमीटर विरुद्ध टोकाला असतो, म्हणून ए४९८८ कडे पाहून बसवलेला बोर्ड उलटा बसतो आणि वीज देताच जातो.

२००९ मध्ये आर्डुइनो या छोट्या बोर्डासाठी जीआरबीएल हे सॉफ्टवेअर आले, पल्स तो बोर्डच देऊ लागला आणि पॅरलल पोर्टची गरज संपली. त्याच्या ०.९ आवृत्तीत स्पिंडलचा वेग बदलता यावा म्हणून स्पिंडलची पिन १२ वरून ११ वर नेली आणि झेड लिमिट ११ वरून १२ वर. ज्या शील्डवर (आर्डुइनोवर बसणाऱ्या जोडबोर्डावर) जुनी छपाई होती त्यांवर झेडचा लिमिट स्विच जणू मुकाच झाला. निर्णय बरोबर होता, कारण वेग बदलणारा हार्डवेअर पीडब्ल्यूएम सिग्नल ११ वर होता आणि १२ वर नव्हता. शील्डची छपाई वर्षानुवर्षे तशीच राहिली, त्रास तिथून झाला. झेड होमिंग (स्विचपर्यंत जाऊन मूळ जागा शोधणे) होत नसेल तर आजही स्विचची वायर ‘स्पिंडल एनेबल’ छापलेल्या जागी लावून पाहतात, आणि ते योग्यच आहे.

ईएसपी३२ सारखे ३.३ व्होल्टचे बोर्ड आल्यावर पुढचा दोष. डब्याचे प्लस टर्मिनल ५ व्होल्टला आणि मायनस बोर्डाच्या पिनला, ही जुनी सवय. पिन हाय झाली तरी तिथे ३.३ च असतात, आतल्या ऑप्टोकपलरच्या एलईडीवर १.७ व्होल्ट उरतात आणि ती पूर्ण विझत नाही. मोटर कधी चालते, कधी नाही. मायनस ग्राउंडला आणि सिग्नल प्लसला द्यावा, किंवा मध्ये ७४एचसीटी२४५ ही चिप घालून तो ५ व्होल्टचा करावा.

आताच्या क्लोज्ड लूप स्टेपर मोटरमध्ये फिरणे मोजणारा एन्कोडर असतो आणि स्टेप हरवल्यावर ड्रायव्हर स्वतः अलार्म देतो. अनेक घरगुती मशीनवर अलार्मच्या वायरी मोकळ्याच सोडलेल्या असतात, म्हणून एक अक्ष थांबतो आणि बाकीचे दोन कापत राहतात. जीआरबीएलवर ती वायर रिसेटच्या पिनला, म्हणजे ए० ला, जोडता येते. अलार्मच्या वेळी आउटपुट ग्राउंडला ओढले जाते की सुटते हे ड्रायव्हरच्या सेटिंगवर ठरते, ते मल्टिमीटरने पाहून मगच जोडावे.