सोर्स कोड कवितेच्या शेजारी कसा आला

हिंजवडीत लिहिलेला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या सूचनांच्या ओळी, कायद्याच्या लेखी ‘साहित्यकृती’ आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील या व्याख्येत संगणक प्रोग्रॅम आला तो १९८४ च्या दुरुस्तीने. १९९४ च्या दुरुस्तीने चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यासाठी सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद केली. तोवर पुण्यात सीडॅक ही संगणक संशोधन संस्था (१९८८) आणि सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क दोन्ही उभे राहिले होते.

पण साहित्य म्हटले की संरक्षण लिहिलेल्या ओळींना, मागच्या कल्पनेला नाही. तेच तर्कशास्त्र कुणी दुसऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेत नव्याने लिहिले तर दावा लंगडा पडतो. मग पेटंटकडे वळावे, तर तिथे पेटंट कायद्याचे कलम ३(के) आडवे येते: निव्वळ प्रोग्रॅम आणि अल्गोरिदमला (गणिती पायऱ्यांच्या कृतीला) पेटंट नाही. डिसेंबर २००४ च्या अध्यादेशाने दार थोडे किलकिले केले. २००५ मध्ये संसदेने ते लावून घेतले. पुढची ओढाताण पेटंट कार्यालयाच्या मार्गदर्शक सूचनांत झाली. ऑगस्ट २०१५ च्या सूचना डिसेंबरात स्थगित, फेब्रुवारी २०१६ मध्ये प्रोग्रॅमसोबत नवे हार्डवेअरही हवे ही अट, जून २०१७ मध्ये तीही गायब. दोन वर्षांत तीन पवित्रे!

२०१६ मध्येच राष्ट्रीय बौद्धिक संपदा धोरण आले आणि कॉपीराइटचा कारभार मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडून उद्योग खात्याकडे गेला. खाते बदलले, कोडची जागा तीच राहिली.

कॉपीराइटची नोंदणी मात्र सुसह्य झाली. आधी सोर्स कोड आणि ऑब्जेक्ट कोड (त्याचे यंत्राला कळणारे रूप) दोन्ही जमा करावे लागत. कंपन्या कचरत, ते साहजिकच. मार्च २०२१ पासून सोर्स कोडची पहिली १० आणि शेवटची १० पाने पुरतात. एकूण पाने २० पेक्षा कमी असतील तर सगळी. गोपनीय म्हणून ओळी काळ्या केलेल्या चालत नाहीत.

खरी फसगत मालकीत होते. पगारी नोकराने कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड कंपनीचा. फ्रीलान्सरने लिहिलेला, सहीचे लेखी हस्तांतर नसेल तर, त्याचाच. हस्तांतर आहे पण मुदत लिहिलेली नाही, तर ते पाच वर्षांचे. प्रदेश लिहिलेला नाही, तर फक्त भारतापुरते. परदेशी ग्राहकाला प्रॉडक्ट विकताना नेमके हेच अडते. मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही आणि करार त्यावर गप्प असला, तर तोही परत जातो. ही कलमे १९९४ च्या त्याच दुरुस्तीतली. प्रकाशकापुढे लेखक दुबळा ठरतो, त्याला आधार द्यायचा हा त्यांचा रोख. कोडही साहित्यच, म्हणून ती त्यालाही लागली.