जुनं रेडियम काढताना गाडीचा रंग का जातो?

आमच्या दुकानात नवं रेडियम (गाडीवर चिकटवायची स्टिकरची फिल्म) लावायला येणाऱ्या बऱ्याच गाड्यांवरचं जुनं रेडियम घरीच अर्धवट ओरबाडलेलं असतं. तेवढंच दुकानातलं काम कमी, हा हिशेब. होतं उलटं. उन्हाने कडक झालेलं रेडियम थंड असताना ओढलं की फिल्म तुकड्यातुकड्यांनी निघते आणि गम पत्र्यावरच राहतो. त्यावर धूळ बसते. मग हार्डवेअरच्या दुकानातून थिनर येतो, आणि रंग जातो तो इथे.

हा बहुधा एनसी थिनर, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंग पातळ करायचा थिनर. तो गमाबरोबर रंगही मऊ करतो. कंपनीचा रंग भट्टीत भाजलेला असल्यामुळे थोडा वेळ तग धरतो, म्हणून 'आधीच्या गाडीला काही झालं नव्हतं' असं ऐकू येतं. पण टचअप केलेला किंवा गॅरेजमध्ये मारलेला रंग पहिल्याच पुसण्यात फडक्यावर उतरू शकतो. सेकंडहँड गाडीचा कुठला पत्रा पुन्हा रंगवलाय, हे मालकालाही ठाऊक नसतं. बाइकच्या प्लॅस्टिक पॅनेलवर आणि हेडलाइटवर तर थिनर लावूच नका. पांढरट पडतात, बारीक तडे जातात. पेट्रोलही नको, आगीशी खेळ आहे तो.

घरी करायचंच असेल तर आधी कडेवरून नख फिरवा. कड लागलीच नाही, तर स्टिकर लॅकरखाली, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थराखाली आहे. बाइकच्या टाक्यांवर असं बरेचदा असतं. तो ओढून निघत नाही. घासून टाकी रंगवावी लागते. कड लागली तर गाडी धुऊन, सुकवून हेअर ड्रायर चार-सहा बोटं अंतरावरून सतत हलवत फिरवा. पत्र्यावर हात टेकवता येईल इतपतच ऊब पुरे. कोपरा नखाने उचला आणि रेडियम मागे दुमडून, पत्र्यालगत सावकाश ओढा. ब्लेडऐवजी जुनं एटीएम कार्ड वापरा.

उरलेल्या गमाला मिनरल टर्पेंटाइन. आधी दाराच्या आतल्या कडेला कापसाने लावून बघा; कापसावर रंग आला तर तिथेच थांबा. नाही आला, तर पत्रा गार झाल्यावर, सावलीत, ओलं फडकं गमावर 2-3 मिनिटं ठेवा आणि मग एकाच दिशेने पुसा. फडकं वरचेवर बदला, नाहीतर अडकलेली धूळच ओरखडे पाडते. शेवटी शाम्पूच्या पाण्याने धुवा.

रेडियमखालचा रंग गडद दिसला तर घाबरू नका. तो मूळ रंग. उडालाय तो आजूबाजूचा. कंपाउंडने (रंग घासून उजळवायच्या पेस्टने) फरक कमी होतो, पूर्ण जात नाही. तो झाकेल असं डिझाइन आम्ही कापून देतो.

काढायचे पैसे वेगळे का, हा नेहमीचा प्रश्न. लावण्यापेक्षा काढायला जास्त वेळ लागतो, आणि ओरबाडलेल्या गाडीला त्याहून जास्त. म्हणून दर गाडी बघूनच सांगतो. हात न लावलेली गाडी स्वस्तात पडते. येताना धुऊन आणा, पण पॉलिश मारू नका. पॉलिशवर नवं रेडियम धरत नाही.