आर्किटेक्टला भारी वाटते ती बिल्डिंग लोकांना का खटकते?

अमेरिकेतल्या बॉस्टनच्या सिटी हॉलचे, म्हणजे तिथल्या महापालिकेच्या बिल्डिंगचे, फोटो नेटवर शोधून बघा. पहिल्यांदा बघणारा बहुतेक हेच म्हणेल की अरे हे धरणाचं काम अर्धवट सोडून दिलंय का! 1962 च्या स्पर्धेत 256 डिझाइन्समधून हे निवडलं, 1968 मध्ये बिल्डिंग उभी राहिली, आर्किटेक्ट मंडळींनी डोक्यावर घेतली, आणि लोकांनी मात्र नावंच ठेवली, 2006 मध्ये तर खुद्द मेयरच म्हणाले की विकून टाकू.

आर्किटेक्टला त्यात काय दिसतं? मधेच बाहेर आलेले मोठे ठोकळे म्हणजे मेयरचं ऑफिस, नगरसेवकांचं सभागृह वगैरे, वरती एकसारख्या खिडक्यांच्या रांगा म्हणजे बाकी ऑफिसेस, खाली विटांच्या भागात लोकांची रोजची कामं. थोडक्यात आत कोण बसतं ते बाहेरून वाचता यावं. आयडिया खरंच सॉलिड आहे. पण बिल भरायला आलेला माणूस बिल्डिंग वाचायला थोडीच येतो, तो थंडीवाऱ्यात समोरचं भलंमोठं विटांचं पटांगण तुडवत येतो आणि आत शिरायचं कुठून ते शोधतो.

यावर प्रयोगही झालेत. 1987 च्या सुमारास डेव्हिड हॅल्पर्न या मानसशास्त्रज्ञाने आर्किटेक्चरच्या आणि इतर विद्यार्थ्यांना चेहऱ्यांचे आणि इमारतींचे फोटो दाखवून कुठले किती छान वाटतात ते विचारलं. चेहऱ्यांवर सगळ्यांचं साधारण एकमत, इमारतींवर फाटाफूट, आणि आर्किटेक्चरची जितकी जास्त वर्षं शिकलेली तितकी आवड लोकांपासून लांब गेलेली.

एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा बघितली की आवडायला लागते हे मानसशास्त्रात जुनंच आहे, पण मला तेवढं कारण पुरेसं वाटत नाही, कारण तसं असतं तर सिटी हॉलमधल्या कारकुनांचं त्या काँक्रीटवर सगळ्यात जास्त प्रेम बसायला हवं! कॉलेजात नुसतं बघणं नसतं, काय बघायचं आणि कशाला वाहवा म्हणायचं हेही अंगात मुरतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट गिफर्ड यांच्या अभ्यासात तर अजून गंमत, लोकांना कुठली बिल्डिंग आवडेल याचा अंदाजसुद्धा आर्किटेक्टना नीट बांधता आला नाही. स्वतःच्या बंगल्याचं ठीक आहे, तिथे मालक तोंडावर सांगतो नको म्हणून. सरकारी बिल्डिंगला पैसे लोकांचे आणि परीक्षक बहुतेक त्याच पठडीतले.

बॉस्टनने 2022 मध्ये ते पटांगण नव्याने केलं, झाडं लावली, पायऱ्या टाळून जाता येईल असा उतार केला, पोरांना खेळायला जागा केली. बिल्डिंगला मात्र 2025 मध्ये अधिकृत लँडमार्कचा, म्हणजे जपायच्या वास्तूचा, दर्जा दिला, त्यामुळे विकायचं-पाडायचं बोलणं आता सोपं राहिलेलं नाही.