होल्स्ट, गुस्टाव : संस्कृताधारित वृंदगान-रचना

इंग्रज संगीतरचनाकार गुस्टाव होल्स्ट (२१ सप्टेंबर १८७४ – २५ मे १९३४) यांनी ऋग्वेदातील सूक्ते आणि कालिदासाचे मेघदूत यांवर गायकवृंदासाठी बांधलेल्या रचना. ‘द प्लॅनेट्स’ या वाद्यवृंद-रचनेच्या अफाट लोकप्रियतेमुळे त्या मागे पडल्या.

ऋग्वेदाधारित वृंदगाने साधारणतः १९०८ ते १९१२ या काळातील असून चार गटांत मिळून ती चौदा आहेत. पहिला गट मिश्र गायकवृंदासाठी, दुसरा व तिसरा स्त्रियांच्या आवाजांसाठी, तर चौथा पुरुषांच्या आवाजांसाठी आहे. होल्स्ट लंडनमधील मुलींच्या शाळेत संगीत शिकवीत असल्याने स्त्रियांच्या आवाजांची त्यांची जाण विशेष सूक्ष्म होती.

होल्स्ट यांना संस्कृत कितपत येत होते, हा वादाचा मुद्दा आहे. प्राच्यविद्येच्या अभ्यासक मेबल बोड यांच्याकडे ते ही भाषा शिकले. तथापि त्यांचे ज्ञान कोशाच्या आधाराने शब्द लावण्याइतपतच असावे आणि प्रचलित इंग्रजी भाषांतरे समोर ठेवून त्यांनी आपली गेय संहिता सिद्ध केली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पहिल्या गटातील ‘टू द अननोन गॉड’ हे हिरण्यगर्भसूक्त (ऋग्वेद, मंडल १०, सूक्त १२१) या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. हेच शीर्षक संस्कृतपंडित माक्स म्यूलर यांच्या १८९१ मधील भाषांतरात आढळते. ‘कस्मै देवाय हविषा विधेम’ (कोणत्या देवाची आम्ही हवीने उपासना करावी?) हा प्रश्न होल्स्ट यांच्या संहितेतही पालुपदासारखा परत परत येतो. प्रजापतीचे नाव घेऊन त्याचे उत्तर देणाऱ्या दहाव्या ऋचेचा पदपाठ (शब्द सुटे करून दिलेला पाठ) उपलब्ध नसल्याने अनेक अभ्यासक ती उत्तरकालीन मानतात. ‘अज्ञात देव’ हे शीर्षक मात्र त्या उत्तराआधीच्या जिज्ञासेशी प्रामाणिक राहते. मूळ सूक्त परिचित असलेल्या श्रोत्याला ही रचना निराळीच उमगते.

सुरावटींत भारतीय रागांचा अंश आहे, असे काही अभ्यासक मानतात. होल्स्ट भारतात कधीच आले नव्हते. त्यामुळे पाच वा सात मात्रांची आवर्तने आणि अपरिचित स्वरसप्तके ही त्यांनी अर्थाला अनुरूप म्हणून स्वतः शोधली, असे समजणे सावधपणाचे ठरेल. तिसऱ्या गटात साथीला केवळ हार्प हे तंतुवाद्य आहे. त्यातील उषासूक्तात आवाजांची विरळ वीण आणि हार्पचे मोजके स्वर एवढ्यावरच पहाटेचा पारदर्शकपणा साधला आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते नव्या श्रोत्याने आरंभ येथूनच करावा.

‘द क्लाउड मेसेंजर’ ही मेघदूतावरील सुमारे पाऊण तासाची रचना एकल स्त्रीस्वर (कॉन्ट्राल्टो), गायकवृंद आणि मोठा वाद्यवृंद यांसाठी आहे. ती १९१० च्या सुमारास लिहिली गेली आणि ४ मार्च १९१३ रोजी लंडनच्या क्वीन्स हॉलमध्ये स्वतः होल्स्ट यांच्या दिग्दर्शनाखाली प्रथम सादर झाली. यक्षाचा विरह, मेघाचा प्रवास, मंदिरातील नृत्य असे टप्पे तिच्यात आहेत. मात्र यक्षाचे निवासस्थान असलेला रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक की अन्य स्थान, यासारख्या भौगोलिक चर्चेशी तिचा संबंध नाही. तिचे स्वागत थंड झाले आणि होल्स्ट फार खचले. त्याच महिन्यात मित्रांसमवेत ते स्पेनकडील मायोर्का बेटावर गेले. तेथे लेखक क्लिफर्ड बॅक्स यांच्यामुळे त्यांना फलज्योतिषाची गोडी लागली आणि त्यातूनच पुढे ग्रहांवरील रचना उभी राहिली.